परकारांच्या दाढा

हमरियातल्या खोलीत आम्ही सहा जण.
एसी एक, तोही सुट्टीच्या दिवशी हमखास बंद.
परकार बनियनवर बसले होते, मांडीवर वाटी,
वाटीत भाजलेले चणे,
डाव्या बाजूनं एकेक फोडत
(उजवीकडच्या तीन दाढा जाऊन दोन वर्षं झाली)
आणि फोन वाजला.

पलीकडचा म्हणाला, पोलीस मुख्यालय.
आधी अरबीतून चार शब्द, पाठ केल्यासारखे,
मग हिंदीत आला.
तुमचं कार्ड ब्लॉक झालंय, सर.
तुमच्या नावावर कुणीतरी खातं उघडलंय, सर.
फोन ठेवू नका, सर.

परकार उभे राहिले.
हे मी डोळ्यांनी पाहिलं: वाटी खाली ठेवली,
खुंटीवरचा शर्ट घेऊन अंगात घातला,
गळ्याचं बटणसुद्धा लावलं,
आणि मगच म्हणाले, जी.

बावीस वर्षं या माणसानं खिडक्यांसमोर काढलीत.
मेडिकलची खिडकी, ठशांची खिडकी,
पासपोर्टची खिडकी, जिच्या आतला बाबू
आपल्याच मुलखातला, पण मान वर करत नाही.
फोटोत कान दिसले पाहिजेत, तर कान दाखवले.
अंगठा उमटेना. टाइल्स घासून घासून गुळगुळीत झालेला,
उमटणार कुठून?
तर लिंबू चोळून उमटवला.

वडिलांचं नाव विचारलं त्यानं.
परकारांनी सांगितलं, आवाज जरा खाली घेऊन.
म्हातारा गेल्याला सहा महिने झाले होते
आणि इथं या गावात
त्यांचं नाव कुणी विचारलंच नव्हतं.

मी हातानं खुणा करत होतो, ठेवा, ठेवा.
त्यांनी ओठांवर बोट ठेवलं,
जणू सरकार आतल्या खोलीत झोपलंय
आणि मी भांडं पाडलं.

मग मेसेज आला. सहा आकडे.
चष्मा सापडेना.
परकारांनी फोन माझ्यापुढे धरला, स्पीकर चालूच,
म्हणाले, वाच बाबा.
आणि मी वाचले.
खुणा करणारा मी, बी.कॉम. झालेला मी,
दुकानाची वही बैशापर्यंत जुळवणारा मी:
चार, शून्य, नऊ,
नऊ, दोन, सात.
सावकाश वाचले. स्पष्ट.
का, ते मला अजून सांगता आलेलं नाही.

सहाशे चाळीस रियाल गेले.
रुवीच्या डॉक्टरीणबाईंनी तीन दाढांचा हिशेब
कागदावर लिहून दिला होता,
तो कागद अजून उशीखाली आहे.

खोलीत सगळे परकारांनाच हसतात.
वय झालं, म्हणतात. कोकणातलं भोळं माणूस, म्हणतात.
मीही हसतो, मध्यम आवाजात.
एकदा म्हणालो, परकार, खूण एकच होती.
तो सर म्हणत होता.
खरं सरकार कधी सर म्हणालंय का तुम्हाला?
ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले,
म्हणूनच तर वाटलं,
आता बदललं असेल.

पंधरा दिवसांनी पोलिसांचा फोन आला.
हा खराच, तक्रारीचा तपास करणारा.
परकारांनी नाव सांगायच्या आत कट केला
आणि आमच्याकडे असे पाहिले,
जसा पोरगा पहिल्यांदा पोहून काठाला लागतो.

तो जुना नंबर मात्र त्यांनी जपून ठेवलाय.
परत आला तर कळावं म्हणून
नावानिशी सेव्ह केलाय: सरकार.

काल रात्री दीडला तो वाजला.
फ्रिजवर थरथरत फोन कडेकडेला सरकत होता
आणि पडद्यावर उजेडात ती चार अक्षरं.
परकार डाव्या कुशीवर गाढ.
कुणी उठलं नाही.
मी तेवढा उठून बसलो,
आणि अंधारात माझा हात
खुंटीवर शर्ट शोधत होता.