चार तासांचा फरक

परकार म्हणाला, आधी ठरव.
डिस्क चिरायची,
की खिडकीतच दुसरं मशीन पोसायचं?

सोहारच्या औद्योगिक वसाहतीत, टायरच्या गोदामामागे
त्याचं दुकान : एक टेबल, एक भिंग,
मेलेल्या मदरबोर्डांचा ढीग आणि दापोलीची बोली.
माझा लॅपटॉप जुनाच, पस्तीस रियालचा.
विंडोजवर स्टोअरचा हिशेब.
रात्री लिनक्स शिकायचंय,
नोकरी बदलायची तर.

आधी व्हर्च्युअलच घेतलं. काही फाडायला नको.
चार जीबीतले दोन त्याला वाढले
तर दोघंही अर्धपोटी.
पंखा असा घरघरला
की वरच्या बंकवरचा शाजी उठून बसला.
यातल्या एकाला म्हणतात यजमान, दुसऱ्याला पाहुणा.
पाहुण्याला ठाऊकच नसतं आपण पाहुणे आहोत ते,
त्याला वाटतं, आपलीच डिस्क, आपलाच पडदा.
मला हसू आलं.
माझ्या पाकिटातलं निवासी कार्ड
एक दिवस विसरू देईल तर शपथ.

मग परकारनं डिस्क कापली, सुरमई कापावी तशी,
शेपटीकडची बाजू लिनक्सला.
आता चालू केलं की काळी पाटी विचारते,
कोण? दहा सेकंदांत सांग.
एक जागा, तर दुसरा मेल्यागत.

हे मला नवं नाही.
आमच्या खोलीत सहा गाद्या, आठ माणसं.
माझ्या गादीवर दिवसा तिलबहादूर झोपतो,
बंदराच्या गेटवर रात्रपाळी त्याची.
दोन वर्षांत बोललो असू चारदा, तेही ईदच्या सुट्टीत.
पण त्याचं डोकं कुठे टेकतं
ते मला खळग्यावरून कळतं,
आणि जाताना तो उशी उलटून ठेवतो,
थंड बाजू वर.

एकच भानगड.
लिनक्समधून विंडोजमध्ये आलो की घड्याळ चुकतं,
बरोब्बर चार तास मागे.
एकाला जगाची वेळ लागते, दुसऱ्याला इथली,
आणि आतलं घड्याळ दोघांत एकच.
सोपंय रे, परकार म्हणतो,
एक ओळ टाक, मिटलं.

ती ओळ कागदावर लिहून दिलीय त्यानं.
कागद अजून चार्जरच्या पिशवीत आहे.

रात्री दहाला पडद्यावर संध्याकाळचे सहा.
सहा म्हणजे तिलबहादूर बुटाच्या नाड्या बांधत असेल,
गादीच्या कडेला बसून.

मी जरा अंग चोरून सरकतो.