मूळ

रायबंदरच्या आमच्या प्रयोगशाळेला खिडकी एकच,
तीही मांडवीकडे नाही, बेकरीच्या भिंतीकडे उघडणारी.
तीनला भट्टी लागते. त्या वेळी मी वाइनचं बूच काढत नाही.
यंत्राला नाक नाही, मला आहे.

लुदोविको कुलासो लोटलीहून बसने आले,
मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली बाटली,
तापातलं मूल आणावं तशी.
"भावानं धाडलेली. पोर्तुगालाहून.
दर नाताळाला एक. ही शेवटची, त्र्याऐंशीची."
लेबलावर नदी, गलबत, दोन सोनेरी पदकं.
"जावयाला विकायचीय. मला फक्त कळायला हवं."
काय कळायला हवं, ते बोलले नाहीत.
अर्जात तसा रकानाही नव्हता.

पाच मिलिलिटर पुरतात.
नायट्रिक आम्लात आधी रंग जातो,
मग साखर, मद्य, कौतुक.
उरतं ते मुळांनी ओढून घेतलेलं:
रुबिडियम, मँगनीज, स्ट्रॉन्शियम.
वेल खोटं बोलत नाही, असं आमचे सर म्हणायचे.
मला ते वाक्य कधी पटलं नाही.
वेल बोलतच नाही. ती पाणी पिते,
आणि पाण्याबरोबर, नकळत, थोडा खडक.

आर्गॉनच्या ज्योतीत थेंबाचं धुकं होतं,
अणू आपापल्या वजनाने वेगळे निघतात,
चोडणच्या फेरीतून उतरावं तसे:
आधी स्कूटरवाले, मग चालणारे,
सगळ्यांत शेवटी डोक्यावर टोपली घेतलेली एकटी बाई.
सत्त्याऐंशीला शहाऐंशीने भागायचं.
जे येतं तो पत्ता.

दोरू नदीकाठचा पाटीदगड फार जुना, त्याचा आकडा चढा.
हा आला शून्य दशांश सात शून्य सहा.
मी तीनदा केलं. चौथ्यांदा नवं आम्ल फोडून केलं.
हा आकडा मी ओळखते.
घाटावरचा काळा कातळ.
सांगली, नाशिक की विजापूर, ते नाही सांगता येत,
पण समुद्रापलीकडचा नव्हे. डोंगरापलीकडचा.

अहवालात एक रकाना असतो: मूळ.
तिथे माझं पेन अडतं.
माझ्या दाखल्यावर मूळ गाव म्हार्दोळ.
देवी तिथे वेर्ण्याहून आली, जुवारी ओलांडून,
आणि तिच्या मागोमाग आम्ही.
वेर्ण्यात आता आमचं दारही नाही.
माझी हाडं कुणी या ज्योतीत धरली
तर ती म्हार्दोळच्या विहिरीचंच नाव घेतील.
प्यायलेल्या पाण्यामागचं त्यांना आठवत नाही.

लिहिलं: दख्खन, बेसाल्टची जमीन.

कुलासोंनी चष्मा पुसला, आणि तो न लावताच वाचलं.
"म्हणजे तो गेलाच नव्हता?"
द्राक्षं गेली नव्हती, मी म्हटलं. माणसाचं हे यंत्र सांगत नाही.
लिस्बनमध्ये राहूनही कुणी
वास्कोतल्या मित्राकरवी बाटली धाडू शकतो,
लेबलं इथेही छापून मिळायची.
ते हसले, बहुधा माझ्या खटपटीला.
"विजापूर किती लांब गे बाय?"
रात्री बसलं की सकाळी.
ते बराच वेळ बाटलीचा टॉवेल सरळ करत राहिले.
"आय गेली तेव्हा तीन दिवस ठेवली होती तिला.
मडगावाहून बर्फ आणायचो.
लिस्बनच्या पत्त्यावर तार केलेली ना,
तो येईल म्हणून."

तीन वाजले होते. भिंतीपलीकडून पावाचा वास आला.
त्यांनी दोन ग्लास मागितले.
बीकर देता येत नाहीत, आम्लात भिजलेले असतात.
मी चहाचे कप विसळले.

फार गोड होती, तळाशी थोडी तुरट.
"पोर्तुगालचीच लागते," ते म्हणाले.
अहवालाची आमची प्रत
मी अजून फायलीला लावली नव्हती.