कूलर बंद करून

आधी कूलर बंद करायचा,
मग पंखा, मग फ्रिज,
मग रजईत शिरायचं.
मानेवाड्यात, मे महिन्यात,
दुपारी सव्वातीनला,
डिसेंबरची रजई.
कापूस आवाज पितो, काकू, असं पलाश म्हणतो.
पलाश बावनकरांचा धाकटा, एकोणीस वर्षांचा,
त्याला सगळं येतं.

नमस्कार, मी कुमुद झोडापे.
थांबले.
नमस्कार. मी कुमुद.

एकोणतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात
हे वाक्य मी एकदाही बोलले नव्हते.
तिथे मी होल्ड करा होते,
लाइन व्यस्त आहे होते,
तीन मिनिटं झाली, वाढवू का, होते.
तिकडे गोंदियाला एक मुलगी रडायची,
इकडे तिचा बाप ओरडायचा,
ऐकू येऊन राहिलं का, बाई, ऐकू येऊन राहिलं का,
आणि मधे मी.
मला येत होतं.

आता चोपन्नाव्या वर्षी तोंड उघडलं
तर रेशनच्या रांगेत भांडणारी
एक बाई बाहेर आली.
पुन्हा लावून ऐकलं. तीच.
हा माझा आवाज आहे का रे?
हो, पलाश म्हणाला, मोबाइलमधून मान वर न काढता,
सगळ्यांना कधीचा माहीत आहे.

हे दारात. गळ्यात ओला दुपट्टा.
काय करून राहिली वो? कूलर काऊन बंद?
बोलतेय.
कोनासंग?

पाच भाग पुसून टाकले.
सहाव्याच्या दिवशी शालिकराम उके आले
कूलरच्या ताट्या बदलायला,
म्हटलं, दोन मिनिटं बोलाल का, यात?
त्यांनी हात पुसले, कॉलर नीट केली,
कॅमेरा नसताना.
म्हणाले, बाई, कूलर मागच्या खिडकीले राहते,
म्हून सारं नागपूर मी मागून ओयखतो.
समोरून गेलो तर घर सापडत नाई मले.
कोनाच्या मागं तुयस सुकली,
कोन मागच्या पायरीवर येऊन एकटं बसते,
सारं दिसते. सांगत नाई.
मग कपाळावरचा घाम बोटाने निपटला
आणि म्हणाले, पन कूलर चालू करा ना.
बिना कूलरचं बोललं
तर लोकाईले वाटन, मेला मानूस.

केला.
पलाशने डोकं धरलं.
नॉइज आहे काकू, पूर्ण नॉइज.
म्हटलं, राहू दे.

चौदा जणांनी ऐकलं.
त्यातली चार वेळा मीच.
एक पलाशची आई, ऐकलं म्हणते,
विचारलं तर दुसरंच काही सांगते.

काल रात्री हे खाटेवर आडवे,
कानात पलाशच्या त्या वायरी,
डोळे मिटलेले, कपाळावर आठी.
मी दूध विरजायच्या निमित्ताने
दोनदा खोलीतून गेले.
तिसऱ्यांदा गेले तेव्हा
कानात वायरी घातलेली माणसं ओरडतात तसे
ओरडून म्हणाले,
हा कूलर आपला वाजून राहिला
का त्याच्यातला?