दाब. धर. सोड.

ट्रक उतारावर थांबला नाही,
एवढंच नेस्तर फोनवर म्हणाला.
चार वर्षांनी आलेला फोन.
बार्ली काठोकाठ भरलेली, नदीकडे उतरणारा रस्ता,
पाय थेट फळीला टेकला.
मग घातला तसाच धसकटात,
कुंपणाच्या दोन तारा गेल्या.
मग बराच वेळ नुसती खरखर. मग:
हवा काढायला दुसरं माणूस लागतं.

रिजायनाहून तीन तास,
सस्कॅचवानच्या त्या सपाटीवरून, जिथे पुढच्या गावातला
धान्याचा मनोरा अर्धा तास आधीच दिसतो
आणि जवळ म्हणून येत नाही.

शेडमध्ये ट्रक ठोकळ्यांवर, चाकं उतरवलेली,
बार्ली कोपऱ्यात फावड्यानं ओढलेली.
एकावन्नचं मॉडेल. तातोनं घेतला तेव्हाच म्हातारा होता.
नेस्तरनं मला जुनी नळी दाखवली, मागच्या आसावरची,
गंजून बिस्किटासारखी झालेली; बोटानं मोडली.
नवी वाकवून बसवली होती,
सिलिंडरांतली रबरं बदलली होती,
सगळं झालं होतं, माझ्या पायाखेरीज.

सीटवर तातोच्या बसण्याचा खळगा आहे.
मी त्यात तिरकी बसते.

सगळ्यात लांबचं चाक आधी.
उजव्या आरशात त्याचे नुसते बूट.
दाब.
दाबलं.
धर.
धरलं.
पान्याची किरकिर, बरणीत बुडबुड,
आणि पेडल पायाखालून खोल खोल जातं
जसा कुणी खालून जिना काढून घ्यावा.
सोड.

बरणी आईची. झाकणावर अजून तिच्या अक्षरात:
बीट, लसूण जास्त.
आत आधी गंजाचं पाणी आलं, मग फेस,
मग तेल, आणि तेलात मण्यांसारखे बुडबुडे,
संपले वाटतात तोच आणखी दोन.

एकदा मी लवकर सोडलं.
तोटी उघडीच होती. ओढली परत हवा आत.
आता तो म्हणेल, मला वाटलं,
तुझं नेहमीचंच.
सही न करता निघून गेलीस तेव्हाही असंच,
तळ्याकडचे एकशे साठ एकर
ना विकता येतात ना पेरावेसे वाटतात.
(कागद माझ्या गाडीच्या कप्प्यात होते.
मी काढले नाहीत. त्यानं विचारलं नाही.)
आरशात बुटांनी जागा बदलली.
पुन्हा. दाब.

पुढच्या चाकाशी येईतो दुपार कलली.
"हवा दबते," तो पाठीवर पडल्या पडल्या म्हणाला,
"तेल दबत नाही. एवढीच सगळी अक्कल."
तातोचं वाक्य होतं,
तातोच्या खोकल्यासकट.
मी हसले. खालून काहीच आलं नाही,
फक्त पाना थांबला, आणि मग फिरला.

किती वेळा झालं असेल, मोजलं नाही.
तेच तीन शब्द त्याचे, दोन माझे.
इतकं तर आम्ही लहानपणीही बोललो नसू.

मग एका दाबाला पेडल अर्ध्यावर अडलं.
दगडासारखं नव्हे,
कणीक नीट मळून झाली की ती जशी
तळहाताला उलट रेटते, तसं.
सोड, तो म्हणाला.
माझा पाय तिथेच.
सोड गं.

सकाळी तो उतारावर नेऊन बघितला.
वळणाच्या वरच थांबला, तुटक्या तारांच्या पुष्कळ आधी.
मी उतरले तर दारावर त्याच्या हाताची खूण:
ब्रेक ऑइलनं रात्रीतून लाल रंग सुरकुतून सुटलेला,
पाच बोटं, आणि बोटांच्या आत निळा.

हा ट्रक पहिल्यापासून लाल,
हे मी शपथेवर सांगितलं असतं.

"मी रंगवला होता," नेस्तर म्हणाला,
चिंधीनं आणखी पुसून, आणखी निळा करत.
"तू शाळेत गेली होतीस.
तातोला आवडला नव्हता."