दक्षिणेचा उतार

प्रश्न चौथा, गुण दोन:
डोंगराच्या कोणत्या उतारावर बर्फ जास्त दिवस टिकतो?
मोत्लात्सीनं लिहिलं, दक्षिणेच्या.
माझ्या हाताशी नमुना-उत्तरांचा कागद होता,
दूर कुठेतरी छापलेला, गुळगुळीत.
त्यात होतं, उत्तरेच्या.
मी लाल फुली मारली.
हात जरासुद्धा अडखळला नाही.

तेरा वर्षं मी इथे भूगोल शिकवते,
मालुटीच्या डोंगरांत, लेसोथोत.
आम्ही समुद्रसपाटीपासून किती उंच, ते मुलांना पाठ आहे.
समुद्र कुणी पाहिलेला नाही. मीही नाही.
खडू संपला की ओढ्याकाठची पांढरी माती चालते.
भिंतीवरच्या नकाशात आमचा देश
दुसऱ्या एका देशाच्या पोटात, बटणाएवढा.
नेमका तिथेच इतक्या वर्गांनी बोट टेकवलंय
की कागद झिजून भोक पडलं.
आपण कुठे राहतो, असं विचारलं
की पोरं त्या भोकात बोट घालतात.

मोत्लात्सी आठवड्यातून दोन दिवस येतो.
उरलेले पाच मेंढ्यांचे.
जुलैत तेही दोन बंद झाले,
म्हणून मी गेले वर, हजेरीपट काखेत घेऊन.
हजेरीपट घेऊन डोंगर चढणारी बाई बघून
त्याचा कुत्रा आधी भुंकला, मग ओशाळला.

दगडी झोपडं, शेणीचा धूर, समोर दरी.
दरीचा एक उतार तपकिरी, कोरडा, त्यावर मेंढ्या.
दुसरा पांढरा फटक.
"हा बर्फ कधीचा रे?"
"मागच्या अमावस्येचा, म्मे."
(म्मे म्हणजे आई. आमच्याकडे बाईंनाही तेच म्हणतात.)
"आणि त्या बाजूचा?"
"तो तिसऱ्या दिवशीच गेला. तिकडे सूर्य बघतो ना."

सूर्य आमच्याकडे उत्तरेच्या अंगानं जातो.
हे मला माहीत होतं.
आकृती काढून शिकवलंही होतं, बाणांसकट.
माहीत होतं ते फळ्यावर.

त्यानं काठी बर्फात खुपसली, बाहेर काढली, मोजली:
दोन विती, चार बोटं.
"याचं पाणी सप्टेंबरात सुटतं, म्मे.
तोवर ही बाजू मी राखून ठेवतो."
बारा वर्षांचा पोरगा, डोंगराची अख्खी बाजू राखून ठेवतो,
आणि माझ्याकडून दोन गुण सुटले नव्हते.

खाली आल्यावर वर्ग ओढ्यावर नेला.
दहा पावलांवर दोन काठ्या, माझ्या नवऱ्याचं घड्याळ,
न्थाटिसीच्या डब्यातलं संत्रं.
पाण्याचा वेग काढायचा होता.
संत्रं दुसऱ्या काठीपर्यंत पोचलंच नाही.
लेफानं मध्येच पाण्यात उतरून ते सोलून खाल्लं.
मग सालं सोडली. सालांना सव्वीस सेकंद लागले.
मी सांगितलं, हेच पाणी पुढे सीमा ओलांडतं
आणि तिथे नदीला ऑरेंज म्हणतात.
न्थाटिसी म्हणाली,
"म्हणजे लेफानं काय केलं ते त्यांना आधीच कळलं?"

मुख्याध्यापकांनी विचारलं, हे अभ्यासक्रमात कुठे बसतं?
मी म्हटलं, ओढ्याकाठी बसतं. खडकावर. थंड असतो, सतरंजी न्यावी लागते.
ते हसले नाहीत.

रात्री ती उत्तरपत्रिका पुन्हा काढली.
फुली खोडायला गेलं की आणखी गडद होते.
तशीच ठेवली. शेजारी दोन लिहिले, खाली सही.
बेरीज परत केली.
तरीही नापास, एका गुणानं.
तो गुण राजधान्यांत गेलाय.

आज सकाळी हजेरी घेताना
त्याच्या नावापुढे पेन थांबलं.
'गैरहजर'ची ती छोटीशी चौकट,
तिच्यात मी मावेल तितक्या बारीक अक्षरात लिहिलं:
दक्षिणेच्या उतारावर.