छातीइतक्या उंचीवर

जमिनीपासून एक मीटर सदतीस सेंटिमीटर.
तिथं फीत लावायची, असं ट्रेनिंगात सांगितलं,
खानापूरच्या हॉलात, चहा आणि दोन बिस्किटांवर.
छातीइतकी उंची, म्हणाले.
कुणाची छाती ते नाही सांगितलं.
ठकी आत्तीला तर ती फीत
हनुवटीशी लागते.

पहिल्या दिवशी तिच्यावरच सराव केला.
खोडासारखी उभी राहिली, डोकीवर किटली,
म्हणाली, घे रं माप, पण लवकर,
जांबोटीची दुधाची गाडी सुटंल.

चिरेमाळ. सर्व्हे नंबर चौऱ्याण्णव.
पहाणीत लिहिलंय गोमाळ, म्हणजे जनावरांचं,
म्हणजे कुणाचंच नाही,
असा साहेबांनी अर्थ लावला.
फलक कन्नडात, करार इंग्रजीत,
अंगठे तेवढे मराठीत.
सभेत जांभूळ म्हणाले होते, हिरडा म्हणाले होते.
ट्रॅक्टरमधून उतरला अकेशिया,
एका मापाचा, एका वयाचा,
कवायतीला उभा केल्यासारखा साठ हजार.

चौथ्या वर्षी खालचं करड गवत गेलं.
पाला म्हशी हुंगतात
आणि आपल्याकडं बघतात,
जेवायला बोलावून ताट पालथं घातल्यासारखं.
आत्तीच्या अकराच्या सहा झाल्या.
तिचा खवा बेळगावात कुंद्याला जायचा,
आता कढई फणसाची भाजी करायला काढतात.

आणि मी? मला दिवसाला साडेतीनशे.
खोटं कशाला बोलू,
बहिणीची नर्सिंगची फी त्यातनंच जाते.

एकदा तिनं विचारलं, ही झाडं करत्यात काय?
सांगितलं, लांबच्या देशात एक कंपनी आहे,
ती विमानं उडवते. त्यांचा धूर
आपली झाडं पोटात घेतात.
तिनं वर बघितलं.
सांबऱ्याहून उठलेलं एक विमान
डोंगरापल्याड चाललं होतं.
ह्याचा?
नाही, दुसऱ्याचा.
मग ह्याचा कोण घेतंय?
मी फीत गुंडाळली.

प्रत्येक झाडाला पत्र्याचा बिल्ला,
बिल्ल्यावर काळे चौकोनी ठिपके.
वारा सुटला की सगळा माळ किणकिणतो
आणि म्हशी कान टवकारतात,
आपलीच कुणी मागं राहिली वाटून.

मागच्या मार्गशीर्षात अकराशे सत्तेचाळीस वाळलं.
आत्तीनं ते मुळासकट उपटून चुलीत घातलं,
बिल्ला तेवढा ठेवून घेतला
आणि चांदीच्या गळ्यात बांधला, घंटेशेजारी.
आता हिला कोण हाकलतंय बघू, म्हणाली.

मी हसलो. मग काय वाटलं कोण जाणे,
मोबाईल धरला. टुक्क.
झाड जिवंत आहे का? हो.
घेर?
फीत चांदीच्या पोटावरनं फिरवली,
ती रवंथ करत उभी.
दोन मीटर दहा.
हिरवी खूण उमटली. उत्तम वाढ.
त्या दिवशी आम्ही दोघं इतकं हसलो
की आत्तीला ठसका लागला,
पाणी प्यावं लागलं.

उन्हाळ्यात चांदी विकली.
दलालानं घंटा सोडून दिली,
घंटा मालकिणीची, असा रिवाज आहे.
बिल्ल्याचा रिवाज अजून ठरलेला नाही.
तो तसाच गेला टेम्पोतनं,
काढावा असं दोघांपैकी कुणी बोललं नाही.

आज फेरतपासणीच्या यादीत तो नंबर आलाय.
मी त्या खड्ड्यापाशी उभा आहे.
झाड सापडत नसल्यास कारण निवडा:
वणवा. वाळवी. चोरी. चराई.
बोट चराईवर जातं, परत येतं.
खाली गवळीवाड्यावर
आत्ती म्हशींना हाका घालते,
सवयीनं सहा नावं.
वर येतात पाच घंटा,
आणि मधे थोडी जागा.