चारच्या स्पीडने

एम. जी. रोडला मोइजभाईंच्या काउंटरवर तीन खोकी.
दोन कॉम्प्युटरच्या पोटात बसवायची, एक बाहेरून जोडायचं.
दुकानात याला रायटर म्हणतात.
मी म्हटलं, लिहिणाऱ्यातलं मला कळत नाही,
एकतीस वर्षं नोटप्रेसमध्ये तपासणीला होते.
रेघ सुतभर सरकली की कागद बाद,
मग तो कितीही रुपयांचा असो.
त्या हिशेबानं काय ते दाखवा.

ते हसले नाहीत. हे मला आवडलं.

म्हणाले, सोळाचा स्पीड खोक्यावर छापायला असतो.
घ्या सोळाचा, लिहा मात्र चारने.
आणि एका डिस्कवर एकच तास.
दोन कोंबलेत तर माणूस हलला की त्याच्या चौकटी होतात,
मागची भिंत तेवढी छान दिसते.
लिहून झालं की एकदा पडताळून घ्या.

पडताळून.
चार दुकानं फिरले, माझ्या खात्यातला शब्द
पहिल्यांदा कुणाच्या तोंडून आला.

बाहेरून जोडायचं घेतलं, आठशेनं महाग.
जेलरोडच्या बसमध्ये मांडीवर ठेवलं.
शेजारची म्हणाली, मिक्सर का?
हो म्हटलं.

घरी अकरा कॅसेटी, यांच्या अक्षरातली लेबलं:
बारसं.
देवळाली, वास्तू.
पिंपळगाव, द्राक्षं (आवाज नाही).
अकरावीवर नुसतं प्रश्नचिन्ह.

निनाद वायरी जोडून, सगळ्या थोड्या थोड्या बघून गेला.
ही अकरावी टाकून दे मावशी,
काका कॅमेरा बंद करायला विसरलेत,
नुसते पाय आहेत.

नुसते पायच आहेत.
पांडवलेणीच्या पायऱ्या; कॅमेरा गळ्यात उलटा लोंबतोय,
म्हणून चढण उतरणीसारखी दिसते.
यांची तपकिरी सँडल. भालेरावांचे काळे बूट.
माझी चप्पल कुठेच नाही, मी मागे राहिलेली.
मग धापांच्या मधून यांचा आवाज:

अहो भालेराव, जरा हळू.
तिला दम लागतो.
नुसतं थांबलो तर म्हणेल, माझ्यासाठी थांबलात.
तुम्ही आपली बुटाची नाडी बांधा.

भालेराव खाली बसतात.
नाडी सुटलेली नाही.
ते ती सोडतात, आणि बांधतात.

वर पोचल्यावर मीच बोलले होते यांना,
काय हो तुमचे भालेराव,
एवढा मोठा माणूस, पाचदा नाडी सुटते.
हे म्हणाले, त्याचं तसंच आहे.

चित्र हललेलं, रंग फिका,
खालच्या कडेला पांढरा पट्टा थरथरतोय.
प्रेसमध्ये असता, तर बादचा शिक्का
मी स्वतःच्या हातानं मारला असता.

निनादला फोन केला. अकरावी पहिली घे.
काही कापू नकोस, सुरुवातीचा काळोखसुद्धा.
आणि चारने.
मावशी, वेळ लागेल गं.
लागू दे की.

रविवारी डिस्क फिरायला लागली.
खोक्यावर हात ठेवून बघितला, कोमट होतं,
आत काहीतरी बारीक कुरकुरत होतं.
साडेतीनला आमच्याकडे लाइट जाते.
घड्याळात तीन दहा.